थिऑलॉजी शिकायचीय, पण पाळक व्हायचं नाहीये

या महिन्याच्या पत्रांत तब्बल पाच पत्रं एकाच विषयाची निघाली, थिऑलॉजी म्हणजे ईश्वरविज्ञान, आणि तेही पदवीलाच शिकण्याबद्दल. मी स्वतः बारावीनंतर बी.टी.एच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) केलं, पुढे बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) केलं आणि आता बरीच वर्षं शिकवतेय, त्यामुळे यावेळचं सगळं सदर याच पत्रांना देतेय. बाकीच्यांना उत्तरं पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मी श्रीरामपूरची, यंदा आर्ट्समधून बारावी झाले. चार वर्षं संडे स्कूल घेतेय आणि मला बी.टी.एच. करायचंय. पप्पा म्हणतात नर्सिंग कर, मुलीनं थिऑलॉजी करून काय, तू पाळक (चर्चची धर्मगुरू) होणार का? ही डिग्री खरी असते का हा पण प्रश्न आहे. शिवाय माझं सगळं शिक्षण मराठी मीडियमचं, ग्रीक-हिब्रू असतं म्हणे, त्याची जाम भीती वाटते.

उत्तर : अगं, आधी डिग्रीचं बघू कारण पप्पांची खरी काळजी तीच आहे आणि ती अगदी रास्त आहे. गंमत म्हणजे तू श्रीरामपूरची, आणि आपल्याकडच्या प्रोटेस्टंट सेमिनरींपैकी (पाळक घडवणाऱ्या कॉलेजांपैकी) कितीतरी ज्या विद्यापीठाची डिग्री देतात तेही श्रीरामपूरच, फक्त ते बंगालमधलं, हुगळीच्या काठचं, आपण त्याला सेरामपूर म्हणतो. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघा इंग्रज मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये तिथं कॉलेज काढलं, ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं डिग्री देण्याची सनद दिली, आणि नंतर १९१८ मध्ये बंगालच्या कायदेमंडळानं वेगळा कायदा करून ते पक्कं केलं. याच कॅरीनं आपल्या मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये छापलाय, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं, म्हणजे आपलं नातं जुनं आहे.

तर सेमिनरी बघायला जाशील तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा, की सर्टिफिकेटवर सही-शिक्का कुणाचा असणार? सेरामपूरच्या सिनेटचा असेल तर एक गोष्ट, नुसतं एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनचं ॲक्रेडिटेशन असेल तर दुसरी, शिकवणं तिथंही चांगलं असू शकतं पण ते विद्यापीठ नव्हे. आणि दोन्ही नसेल, नुसता बोर्ड लावलेलं बायबल कॉलेज असेल, तर तिथं शिकायला मिळेल पण पदवी समजून जाऊ नकोस. दुसरं, पुढे बी.एड., लॉ, एम.पी.एस.सी. असं काही डोक्यात असेल तर थिऑलॉजीची पदवी तिथं चालते का हे त्या विद्यापीठाकडून किंवा आयोगाकडून आधी लेखी घे. तोंडी "चालतं हो" यावर चार वर्षं घालवायची नाहीत. माझ्या बॅचची एक मैत्रीण अशीच तोंडी शब्दावर राहिली आणि नंतर तिला बी.ए. पहिल्यापासून करावं लागलं, ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं. म्हणून मला विचारशील तर मुक्त विद्यापीठातून बी.ए. पण करून ठेव. किंवा आधी बी.ए. कर आणि मग थेट बी.डी.ला जा, कारण बी.डी. मुळात ग्रॅज्युएटसाठीच आहे.

मुलगी म्हणून विचारलंस, तर सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि सी.एस.आय. (चर्च ऑफ साउथ इंडिया) दोन्हीकडे स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, सी.एस.आय.मध्ये २०१३ मध्ये पुष्पा ललिता बिशप झाल्या. पण पाळक व्हायलाच पाहिजे असं अजिबात नाही. मिशन हॉस्पिटलात चॅप्लन (रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारी), शाळेत, समुपदेशनात, बायबल भाषांतराच्या कामात, सामाजिक संस्थेत आमच्या मुली आहेत. पगार मात्र कमी असतो, हे पप्पांना आधीच सांग, लपवू नकोस. आणि मंडळीनं, म्हणजे आपल्या चर्चनं, स्पॉन्सर केलं तर पुढे किती वर्षं कुठे काम करायचं हे कागदावर वाचून मगच सही कर.

आता ग्रीक-हिब्रू. इथं मी तुला अगदी खात्रीनं सांगते, मराठी मीडियम हा तुझा फायदा आहे. मी पण मराठी मीडियमचीच, पहिल्या टेस्टला ग्रीकमध्ये नापास झाले होते, रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून "लूओ, लूएइस, लूएइ" घोकायचे आणि रडायचे. मग एक दिवस लक्षात आलं की इंग्लिश मीडियमच्या मुलांना जे कळत नव्हतं ते मला आधीच येत होतं. शब्दाला प्रत्यय लागून अर्थ बदलतो हे आपण घराला-घराने-घरातून करत लहानपणापासून बोलतो, ग्रीकमध्ये तेच आहे. नपुंसकलिंग? त्यांना ते डोंगरासारखं, आपल्याकडे तो-ती-ते आहेच. आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे असते खरी, पण अक्षराच्या खाली-वर जी टिंबं आणि रेघा असतात ना, त्या म्हणजे काना-मात्रा-वेलांटीच समज, व्यंजन वेगळं आणि स्वर त्याला चिकटलेला, देवनागरी वाचणाऱ्याला दोन आठवड्यांत सवय होते.

आणि ते शिकून मिळतं काय? जुन्या करारातल्या यशयाच्या सातव्या अध्यायातलं चौदावं वचन नाताळला दरवर्षी वाचतो आपण, कुमारी गर्भवती होईल वगैरे. हिब्रूत तिथं शब्द आहे आल्मा, म्हणजे लग्नाच्या वयाची तरुण मुलगी. ख्रिस्ताच्या आधीच ज्यूंनी त्याचं ग्रीक भाषांतर केलं त्यात पार्थेनोस आलं, म्हणजे कुमारी, आणि नव्या करारात मत्तयानं तेच ग्रीक घेतलं. एवढ्या एका शब्दावर शतकानुशतकं वाद चाललेत आणि तो वाद तू स्वतः दोन्ही पानं उघडून बघू शकशील, कुणी सांगितलं म्हणून नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हेच केलं, हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर हेच काम चालू होतं. पप्पांना हे सांगून बघ.

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, सध्या लेस्टरला. मुलीला डरहमला थिऑलॉजी अँड रिलिजन या विषयाला ॲडमिशन मिळतेय. नातेवाईक म्हणतात नन होणार का? पुढे नोकरीचं काय?

उत्तर : नाही हो वहिनी, तिकडे हा हिस्टरी किंवा लिटरेचरसारखाच साधा पदवीचा विषय आहे, तुमचा विश्वास कोणता हे कुणी विचारत नाही, वर्गात नास्तिक, मुस्लिम, हिंदू सगळे असतात. इंग्लंडमध्ये तीन वर्षं, स्कॉटलंडला गेली असती तर चार. पुढे बरेच जण शाळेत रिलिजस एज्युकेशन शिकवतात कारण तिकडच्या सरकारी शाळांत तो विषय असावाच लागतो, बाकीचे लॉ, सिव्हिल सर्व्हिस, पत्रकारिता असे जातात. पाळक व्हायचं तर त्याचं ट्रेनिंग वेगळं आणि नंतर असतं. माझा एकच आग्रह, पहिल्या वर्षी मूळ भाषा घ्यायची संधी मिळाली तर तिनं ती सोडू नये, नंतर वेळ मिळत नाही.

प्रश्न : मी जालन्याचा निवृत्त प्राथमिक शिक्षक, मंडळीत तीस वर्षं वडील (एल्डर, म्हणजे कारभारात मदत करणारा ज्येष्ठ) म्हणून सेवा केली. मुलगा सेमिनरीत दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला आणि म्हणाला की मार्काच्या शुभवर्तमानाची (मार्कानं लिहिलेल्या येशूचरित्राची) शेवटची बारा वचनं मूळची नाहीतच. उपासनेला आला पण गाणी म्हणत नव्हता. आम्ही पोराला देवाच्या कामाला पाठवलं आणि तो विश्वासच गमावून येतोय का? परत बोलवून घेऊ का?

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग उठून माझं दुसऱ्या वर्षाचं बायबल काढलं, ते अजून आहे माझ्याकडे, रंगीत पेन्सिलींनी भरलेलं.

आधी मुलाच्या बाजूनं. तो मनाचं काही सांगत नाहीये. चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनाईटिकस आणि व्हॅटिकनस, मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला संपतो. बायबलच्या बऱ्याच आवृत्त्यांत त्या जागी कंस किंवा तळटीप असते, इतकी वर्षं आपण ती ओलांडून पुढे वाचत आलो एवढंच. आणि आठव्या वचनाला काय होतं तर बायका रिकाम्या कबरेपाशी पोचतात, पांढरा झगा घातलेल्या तरुणाचं ऐकतात, आणि पळून जातात, कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या होत्या. ग्रीकमध्ये तर शेवटचा शब्द "गार" आहे, म्हणजे "कारण". पुस्तक असं "कारण" वर संपलेलं पाहिलं की वीस वर्षांच्या पोराच्या पायाखालची जमीन सरकते, माझीही सरकली होती.

आमच्याकडे तीन शुभवर्तमानं शेजारी-शेजारी छापलेलं पुस्तक असतं, मत्तय, मार्क, लूक तीन कॉलम. सरांनी सांगितलं, तिन्हींत जे शब्द सारखे ते तांबड्यानं रंगवा, मत्तय आणि मार्कात सारखे ते निळ्यानं, मत्तय आणि लूकमध्ये आहेत पण मार्कात नाहीत ते हिरव्यानं. आठवडाभर आम्ही नुसतं रंगवत होतो. आणि मग मी त्या श्रीमंत माणसापाशी आले, जो विचारतो की सार्वकालिक जीवन मिळायला काय करू. मार्कात येशू त्याला म्हणतो, मला उत्तम का म्हणतोस? मत्तयात तेच वाक्य झालंय, उत्तमाबद्दल मला का विचारतोस? माझी तांबडी पेन्सिल तिथंच थांबली. कुणीतरी वाक्य बदललंय, मुद्दाम, काळजीनं, कारण पहिलं वाक्य त्याला जड गेलं असणार. त्या संध्याकाळी चॅपलमध्ये मला प्रार्थना करता आली नाही, आणि पुढचे तीन-चार महिने नीट आलीच नाही, मी नुसती बसून यायचे. घरी सांगितलं नाही. तुमच्या मुलानं तुम्हाला सांगितलं, गुरुजी, हे किती मोठं आहे ते मला विचारा.

मग काय झालं ते सांगते. आम्हाला शनिवार-रविवार फिल्डवर्क असायचं, मला एका सरकारी दवाखान्याचा बायकांचा वॉर्ड मिळाला होता. तिथं एक बाई होती, तिचा तरुण मुलगा ॲक्सिडेंटमध्ये गेला होता आणि ती स्वतः पाय मोडून पडलेली, अंत्यविधीला पण जाता आलं नाही तिला. येणारे-जाणारे सगळे तिला धीर देणारं २३ वं स्तोत्र वाचून दाखवायचे आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मी त्याच आठवड्यात ८८ व्या स्तोत्रावर असाइनमेंट लिहीत होते. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत पण बहुतेक शेवटी कुठेतरी वळतात, देवाची स्तुती करतात. हे एक वळत नाही. माझे सोबती दूर केलेस असं म्हणतं आणि संपतं, हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. मी घाबरतच ते वाचलं. तिनं मान वळवली आणि विचारलं, हे खरंच बायबलात लिहिलंय? मी हो म्हटलं. म्हणाली, परत वाच.

तेव्हा मला मार्काचा शेवट कळला, निदान कळायला लागला. ज्यांनी ही पुस्तकं जपली त्यांनी अंधारावर संपणारं स्तोत्र खोडलं नाही. मार्काच्या भीतीवर संपणाऱ्या प्रती जशाच्या तशा ठेवणारेही होते, आणि ज्यांना ते सोसलं नाही त्यांनी पुढे बारा वचनं जोडली, त्यांच्यावरही मला राग येत नाही आता. पण वर्गात ती रंगपेटी घेऊन बसले नसते तर ८८ वं स्तोत्र मी कधी उघडलंच नसतं, आमच्या मंडळीत ते कधी वाचलं गेल्याचं मला आठवत नाही.

म्हणून गुरुजी, हात जोडून सांगते, परत बोलवू नका. पाळकसाहेबांना घरी बोलावून त्याच्याशी वाद घालायला लावू नका, तो हरला तरी तुमच्यापासून लांब जाईल आणि जिंकला तरी जाईल. गाणी म्हणत नाही तर नसू दे, तो आला, तुमच्या शेजारी बसला. नाताळच्या सुट्टीत एक करा, त्याला म्हणा मला मार्क मोठ्यानं वाचून दाखव, पहिल्यापासून, एका बैठकीत, दीड-दोन तास लागतात फक्त. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला प्रश्न पडतील, ते विचारा, उत्तर तुम्हाला येत असलं तरी विचारा. आठव्या वचनाला पोचलात की थांबा आणि त्याला विचारा, तुझ्या मते त्या बायका नंतर कुणाला बोलल्या असतील का? मला खरंच वाटतं तुम्ही दोघं त्या रात्री उशिरापर्यंत जागे राहाल.

फक्त एक लक्ष ठेवा. जेवणं-झोपणं सुटलं, मित्रांशी बोलणं बंद झालं, फोन उचलेना झाला, तर तो विश्वासाचा प्रश्न नाही, तब्येतीचा आहे, मग लगेच हॉस्टेल वॉर्डनशी आणि डॉक्टरशी बोला.

प्रश्न : मी वसईची, कॅथलिक, वय ४१, मुलं मोठी झालीत. सिस्टर न होता थिऑलॉजी शिकता येईल का?

उत्तर : येईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते ६५ नंतर, प्रापंचिकांसाठी ही दारं बरीच उघडली. पुण्याचं ज्ञानदीप विद्यापीठ मुळात १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला धर्मगुरू घडवायला सुरू झालं, १९५५ मध्ये पुण्यात आलं, आज तिथं सिस्टर आणि प्रापंचिकही शिकतात. रोज जाणं जमणार नसेल तर आधी तुमच्या धर्मग्रामातल्या फादरांना विचारा, धर्मप्रांताचे वीकेंडचे बायबल कोर्स कुठे चालतात ते त्यांना माहीत असतं. सुरुवात तिथून केलीत तरी चालेल.

प्रश्न : मी पुण्यात टी.वाय.ला आहे, फिलॉसॉफी. आमचं घर वारकरी, आजोबा आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेत. मला ख्रिस्ती थिऑलॉजी वाचायची फार ओढ आहे पण आई घाबरते, म्हणते धर्म बदलायला लावतील. तसं असतं का?

उत्तर : नाही, आणि आईंची भीती मी समजू शकते म्हणून सरळ सांगते. सेमिनरीच्या पदवीला बहुतेक ठिकाणी मंडळीचं पत्र लागतं, कारण तिथं मंडळीचं काम करणारी माणसं तयार करायची असतात, ती जागा तुझी नाही. तुझ्यासाठी विद्यापीठाचा रस्ता बरा. मद्रास विद्यापीठात ख्रिस्ती अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथं तू फिलॉसॉफीनंतर एम.ए.चं बघू शकतोस, आणि परदेशातल्या विद्यापीठांबद्दल वर लिहिलंच आहे. विश्वास ठेवून शिकणं आणि विश्वास समजून घ्यायला शिकणं, दोन्ही चालतं, फक्त दुसरं करताना त्या विश्वासाची टवाळी करायला जायचं नाही.

तू फिलॉसॉफीचा आहेस म्हणून एक नाव देते, अरविंद निर्मळ. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी एक भाषण केलं आणि तिथून दलित थिऑलॉजीची चर्चा सुरू झाली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी ख्रिस्ताला वेदान्ताच्या, ब्राह्मणी परंपरेच्या भाषेत बसवायचा खूप प्रयत्न केला पण मंडळीतले बहुसंख्य लोक तर दलित आहेत, मग त्यांची कहाणी या सगळ्यात कुठे आहे? हा माणूस मराठी, आणि आपल्याच वाचकांना त्यांचं नाव माहीत नसतं याचा मला फार त्रास होतो.

आणि थिऑलॉजी म्हणजे काय हे तुझ्या घरात आजोबांइतकं कुणालाच कळणार नाही बघ. जोग महाराजांनी १९१७ मध्ये ती संस्था काढली, चार वर्षं मुलं तिथं राहतात, ज्ञानेश्वरी, गीता, गाथा पाठ करतात, अर्थ लावायला शिकतात, कीर्तनाला उभी राहतात. आमच्या सेमिनरीत याहून वेगळं काय असतं, ग्रंथ, भाषा, अर्थ आणि मग लोकांपुढे उभं राहणं.

सुरुवात म्हणून तू ख्रिस्तपुराण घे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट (कॅथलिक संघातला धर्मगुरू) गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि बायबलची सगळी कथा मराठी ओवीत लिहिली, १६१६ मध्ये राचोलला ते पुस्तक छापलं, तेही रोमन लिपीत. आता देवनागरी आवृत्ती आहे, पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांत बघ. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं नव्या. शब्द जुने आहेत, अडशील, तेव्हा ते घेऊन आजोबांच्या शेजारी बस आणि त्यांनाच ओव्या म्हणायला सांग, चाल त्यांना येते. आई स्वयंपाकघरातून ऐकेलच.